चार झोपांचं अंतर

पाँड इनलेट
८ फेब्रुवारी १९८८

दादा,

पत्रातूनच तुझा हात हातात घेते. फोन केला असता, पण मागच्या वेळचं आठवतंय ना? मी विचारतेय, "बरा आहेस का?" आणि तू आपला तिकडे भुवया उंचावून 'हो' म्हणतोयस. "सील मिळतात का?" तर नाक मुरडून 'नाही'. अरे बाबा, समोरासमोर ठीक आहे, फोनच्या तारेतून भुवया दिसत नाहीत! त्यात तुझा डावा कान कामातून गेलेला आणि तू फोन नेमका त्याच कानाला लावणार. आख्ख्या पाँड इनलेटनं माझं ओरडणं ऐकलं, एक तू सोडून. म्हणून पत्र.

बातमी अशी, की माझ्या नातीला, इलिसापीला मुलगी झाली. इकालुइतच्या दवाखान्यातून परवा दोघी घरी आल्या. इलिसापी पोटुशी असताना माझ्या स्वप्नात आई आली होती. दारात उभी राहिली, पाणी मागितलं. मी तेव्हाच ओळखलं की हिला परत यायचंय. मुलीला आईचंच नाव ठेवलं, इनुगुक.

तीस वर्षांनी आई घरी आली, दादा. गावातले सगळे येऊन तिच्याशी हात मिळवून गेले. म्हातारा इपिली तर तिला 'मामी' म्हणून हाक मारून रडला. मी 'आई, आई' करत तिला अमाउती अंगरख्याच्या टोपीत घालून पाठीवर मिरवते आणि ती माझ्या मानेवर ओकते. पहिल्यापासून तिचा माझ्यावर राग, लाडका तू. तेवढा तूच भेटायचा राहिलास.

येतोस ना?

तुझी धाकटी,
रागिली


ग्रीस फियोर्ड
२६ फेब्रुवारी १९८८

रागिली,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. मग आमच्या हिनं वाचलं आणि लगेच आईसाठी कामिक शिवायला बसली. तळव्याला दाढीवाल्या सीलचं कातडं, वर मऊ. मी म्हटलं, अगं ती तीन आठवड्यांची आहे, चालणार कुठं? ही म्हणाली, सासू आहे माझी, अनवाणी ठेवू का? पायाचं माप पाठव.

आता मला सांग, आई बघते कशी? आपली आई रागावली की बोलायची नाही, नुसती बघायची. ही तशी बघते का? नीट लक्ष देऊन सांग.

आणि मोसेसी तिकडं विमानतळावर काम करतो ना? त्याला विचार, इथून तिथं विमानानं किती झोपा लागतात. इथली पोरं मला तास सांगतात. तासांवर माझा भरवसा नाही. तास घड्याळात असतात, झोप माणसाला लागते. आपले वडील अंतर झोपांत सांगायचे आणि कधी चुकले नाहीत.

मी येतो.

गामायली


पाँड इनलेट
९ मार्च १९८८

आजोबा,

मी मोसेसी, इलिसापीचा नवरा. आजीनं सांगितलं म्हणून लिहितोय. मी विमानतळावर रेडिओपाशी बसतो, वैमानिकांना वारा आणि ढग सांगतो, तेव्हा हे आकडे माझ्या माहितीतले आहेत.

ग्रीस फियोर्ड ते पाँड इनलेट सरळ रेषेत सुमारे चारशे चाळीस किलोमीटर. तुमच्याकडे येतं त्या दोन पंख्यांच्या लहान विमानाला साधारण एक तास चाळीस मिनिटं.

पण सरळ विमान नाही. आधी पश्चिमेला रेझोल्यूट, तिथून आर्क्टिक बे, तिथून आम्ही. मिळून जवळजवळ हजार किलोमीटर. म्हणजे तोंडासमोरचा घास मानेमागून हात फिरवून खायचा.

झोपा: शून्य, सगळं वेळेवर झालं तर.

सगळं वेळेवर कधीच होत नाही, पण त्याचा आकडा माझ्याकडे नाही.

मोसेसी

ता. क. आजी खांद्यावरून वाचतेय. म्हणते, लिही की आईच्या पायाचं माप माझ्या अंगठ्याएवढं. आणि बघते म्हणावं, अगदी तशीच बघते.


ग्रीस फियोर्ड
२५ मार्च १९८८

रागिली,

मोसेसीचं पत्र परवा मिळालं. पोरगा हुशार आहे, पण शून्य झोपा म्हणजे काय? ज्या अंतरात एकही झोप नाही ते अंतर नव्हे, तो शेजार झाला. शेजार असता तर मी पस्तीस वर्षं इथं काय करत होतो?

असो. गेल्या आठवड्यात बुधवारी सामान बांधून धावपट्टीवर गेलो होतो. असलं वादळ सुटलं की समोरचा डोंगर दिसेना. विमान आलंच नाही. मग परवाच्या बुधवारी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. विमानानं वर दोन घिरट्या घातल्या, उतरायला जागाच दिसेना, परत गेलं. आमच्या गावचं आकाश तुला माहीत आहे.

कामिक वेगळे पाठवतोय. निदान ते तरी पोचू देत.

आई अगदी तशीच बघते म्हणालीस. म्हणजे कशी? रागावून की नुसती?

गामायली


पाँड इनलेट
७ एप्रिल १९८८

दादा,

कामिक पोचले. आईच्या पायात घातले, तिनं एक लगेच तोंडात घातला. तिच्या सुनेला सांग, चामडं चांगलं कमावलंय.

आता तुझ्या वादळाविषयी.

मी मोसेसीच्या मागं लागून रेडिओवरून रेझोल्यूटला विचारायला लावलं. तुझ्या दोन्ही बुधवारी ग्रीस फियोर्डला आकाश धुतल्यासारखं. वारा इतकाच, की चहाची वाफ सरळ वर जावी. दोन्ही वेळा विमान उतरलं, दोन्ही वेळा एक जागा रिकामी घेऊन गेलं. वहीत लिहिलंय.

वहीचं सोड, मी एवढी मठ्ठ आहे का? परवाच्या बुधवारी विमान घिरट्या घालून परत गेलं म्हणतोस, आणि मोसेसीचं पत्र परवाच मिळालं म्हणतोस. टपाल काय कावळ्यानं आणलं?

उडता येईना, आकाश वाकडं! सहासष्ट वर्षांचा झालास, अस्वलासमोर उभा राहिलास, आणि विमानाला घाबरतोस? दंतवैद्य बसतात त्यात, शाळामास्तरणी बसतात, परवा आमच्या इथं एक कोंबडा आला त्यातून, शाळेतल्या पोरांना दाखवायला. तो काही रडला नाही. डोळे मिटून बस आणि आईचं नाव घे. आई तर इथंच आहे, ऐकेल.

रोज विचारतेय ती तुला.

रागिली


ग्रीस फियोर्ड
२१ एप्रिल १९८८

रागिली,

पकडलंस. लहानपणीही मी चोरून खाल्लेल्या चरबीचा वास तुलाच यायचा.

दोन्ही बुधवारी मी धावपट्टीवर होतो, हे मात्र खरं. विमान आलं, दार उघडलं, सगळे बसले. माझे पाय हलेनात. पोरं हसली की म्हातारा घाबरला. हसू देत. घाबरलोच होतो, पण विमानाला नाही. आईला.

आजवर कुणाला सांगितलं नाही, आमच्या हिलासुद्धा नाही. तुला सांगतो.

त्रेपन्न सालचा उन्हाळा. सरकारचं जहाज उभं होतं, आम्हा काही कुटुंबांना उत्तरेला वस्तीला नेणार होतं. किनाऱ्यावर आईनं विचारलं, "किती झोपा लांब?" मला काय ठाऊक? जहाजावरचा एक गोरा स्वयंपाकी कठड्याशी उभा होता. मी त्याला खुणेनं विचारलं: डोकं हातावर ठेवून झोपल्यासारखं केलं आणि बोटं मोजून दाखवली. त्यानं चार बोटं वर केली. मी आईला सांगितलं, "चार झोपा."

ती म्हणाली, "चारच? मग काय, जाऊन येशील." आणि चहाचं बघायला वळली. रडलीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी जहाजावर आमच्यापुढं चार अंथरुणं आणि चार ताटं ठेवली, तेव्हा उजेड पडला. तो बिचारा विचारत होता, "झोपायला तुम्ही चार जण ना?"

जायला जहाज होतं, यायला नव्हतं. बर्फावरून यावं तर मधलं पाणी धड गोठत नाही. वळसा घालून कुणी म्हणे पंधरा झोपा, कुणी म्हणे वीस. पाच वर्षांनी आई गेल्याचा निरोप आला, तोही रेडिओवरून. मग बर्फावरच्या मोटारगाड्या आल्या, विमानं आली, पण तिथं यायचं ते कुणाकडं? जिला चार सांगितलं, ती तर नव्हती.

आणि आता आली आहे. अगदी तशीच बघते म्हणतेस. मी दारात आलो आणि तिनं माझ्याकडं पाहिलं, तर मी काय सांगू? तीन महिन्यांच्या आईपुढं उभं राहायचं धाडस मला होत नाही, रागिली. अस्वल परवडलं.

गामायली


पाँड इनलेट
२ मे १९८८

दादा,

तुझं पत्र वाचून मी आधी खूप हसले. चार ताटं! मग चहा केला, आणि तो प्यायचा राहून गेला.

कोंबड्याचं बोलले ते मागं घेते. आता ऐक. तुलाही ठाऊक नसलेलं माझ्याकडे आहे.

तू गेल्यावर चौथ्या सकाळी मी आईला म्हटलं, "झाल्या चार झोपा. दादा कुठाय?" ती म्हणाली, "कुठल्या चार? काल रात्रभर कुत्री भुंकत होती, माझा डोळा लागला नाही. ती झोप धरायची नाही. तीनच झाल्या." दुसऱ्या दिवशी वारा होता म्हणून धरली नाही. मग गुडघा दुखत होता. मग मी घोरते म्हणून. मी घोरते, दादा! मला तेव्हा इतका राग यायचा. रोज सकाळी उठायची आणि काहीतरी खोट काढायची. शेजारणी गंमत म्हणून विचारायच्या, "इनुगुक, किती झाल्या?" ती तीन बोटं दाखवायची, अजिबात न हसता.

पाच वर्षं, दादा. शेवटच्या आजारात मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, हजार झोपा झाल्या, मान्य कर, तो खोटं बोलला." तर तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे. तू विचारतोस तीच नजर. आणि म्हणाली, "गामायली खोटं बोलत नाही. माझीच चौथी झोप अजून व्हायची आहे."

तू तीस वर्षं तिला चुकवतोयस आणि ती तुला खोटं ठरू द्यायला तयार नव्हती. मूर्ख आहेस तू. मीपण मूर्ख, हे तुला आधी सांगायला हवं होतं. मला वाटायचं, ऐकून तुला वाईट वाटेल.

एक झोप राहिली आहे. बुधवारच्या विमानात बस. तिला एकही दात नाही, चावायची भीती नाही.

रागिली


आर्क्टिक बे
१४ मे १९८८, सकाळी

रागिली,

बसलो बघ. वर गेल्यावर पोटात काहीतरी झालं, ते सांगण्यासारखं नाही. शेजारच्या बाईनं कागदी पिशवी दिली. चांगली बाई होती.

बुधवारी रेझोल्यूटला उतरलो. पुढचं विमान गेलेलं. एक झोप. गुरुवारी इथं आर्क्टिक बेला आलो आणि धुकं असं उतरलं की विमानतळावरच्या पोराला स्वतःची गाडी सापडेना. दोन झोपा, तीन झोपा. एका ओळखीच्याच्या घरी राहिलो, त्यांनी गोठलेली चार मासळी आणि भाकरी खाऊ घातली. गोऱ्यांच्या भाषेत त्या मासळीचं नावच 'चार'. मी आपला मनातल्या मनात खूश. म्हटलं, आणखी एक दिवस धुकं राहू दे, म्हणजे बरोबर चार होतील. आईपुढं ताठ मानेनं जाईन. मोसेसीच्या शून्याचं काय झालं ते त्याला विचार.

आणि आज सकाळी आकाश लख्ख! मी वैमानिकाला म्हटलं, "उद्या निघू या." तो पोरगा हसायला लागला. "म्हातारबाबा, सगळे मला घाई करतात, थांबा म्हणणारे तुम्ही पहिलेच. आत्ता नाही तर आठवडाभर नाही." मी उतरलो होतो त्या घरच्या यजमानीणबाईंनी सामान गाडीत टाकलंसुद्धा.

तेव्हा मी येतोय, पण तीनच झोपांत. एक कमी पडली. आईला तू आधी जरा समजावून ठेव.

हे पत्र टपालात टाकतो, म्हणजे तुला आधीच कळेल.

गामायली


ग्रीस फियोर्ड
३० मे १९८८

रागिली,

पोचलो. आर्क्टिक बेचं माझं पत्र मी निघेपर्यंत तुला मिळालेलं नव्हतं. मिळालं तरी आता वाचू नकोस. एकाच विमानातून आलो असतो आम्ही दोघं, मी खिशात का ठेवलं नाही देव जाणे. वरातीमागून घोडं.

येताना काय झालं ते तुला ठाऊकच आहे, दंतवैद्याचं विमान सरळ इकडंच यायचं होतं आणि एक जागा रिकामी होती. मी खिडकीपाशी बसलो. मोसेसीनं दिलेलं घड्याळ हातात. खाली ते पाणी. मधलं, न गोठणारं. मी त्याला वीस झोपांचं समजत होतो. एकदा वळून दंतवैद्याला 'आ' करून दात दाखवला, तेवढ्यात पाणी संपलं. चाकं टेकली तेव्हा घड्याळ बघितलं. एक तास चाळीस मिनिटं. मोसेसीचा आकडा एका मिनिटानंही चुकला नाही.

एवढंच होतं गं. एवढंसंच अंतर होतं. उतरल्यावर मी जरा वेळ धावपट्टीवरच उभा राहिलो. पोरं म्हणाली, म्हातारा परत घाबरला.

एक रुखरुख राहिली. मी आईला सांगायचं सगळं वाटेत पाठ केलं होतं: स्वयंपाकी, चार बोटं, माफ कर, सगळं. दारात आलो, तू तिला माझ्या मांडीवर ठेवलंस, तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं आणि तिनं जांभई दिली. मग तिला झोप लागली. तीन झोपांचा मी दमलेला, भिंतीला टेकलो आणि मलाही लागली. उठलो तर तू चहा घेऊन उभी. पुढच्या दहा दिवसांत सात वेळा सुरुवात केली. कधी तिनं माझं नाक धरलं, कधी दूध मागितलं, कधी नुसतीच हसली. ते सांगणं राहूनच गेलं.

गामायली


पाँड इनलेट
१२ जून १९८८

दादा,

तुझं आर्क्टिक बेचं पत्र तू गेल्यावर दोन दिवसांनी आलं. अर्थात वाचलं. मोठ्यांदा वाचलं, आईला. कागदी पिशवीचं दोनदा वाचलं.

आता तुझी रुखरुख. एक गोष्ट मी दहा दिवस पोटात ठेवली होती. तोंडानं सांगितली असती तर तू भुवया उंचावून बसला असतास आणि मला पत्राला काही उरलं नसतं.

त्या पहिल्या दुपारी तुम्ही दोघं झोपलात. तू भिंतीला टेकून, तोंड उघडं, घोरत होतास, आणि घोरते म्हणे मी! ती तुझ्या मांडीवर, तुझा अंगठा मुठीत धरून. एरवी दुपारची ती अर्धा तास झोपली तरी इलिसापी देवाचे आभार मानते. त्या दिवशी तीन तास. बाहेर कुत्री भुंकली, वारा सुटला, मोसेसीनं दार आपटलं. हलली नाही.

मग ती तुझ्याआधी उठली. रडली नाही. तुझ्या तोंडाकडे बघत राहिली, खूप वेळ. ती नजर, दादा, पण रागाची नव्हे. मी जवळ जाऊन बसले आणि हळूच विचारलं, "आई, कशी लागली झोप? ही धरायची ना? झाल्या चार?"

आणि तिनं भुवया उंचावल्या. दोन्ही.

मोसेसी म्हणतो, आजी, एवढी लहान मुलं उगाचच भुवया हलवतात. त्याचं काय मनावर घ्यायचं? तो किलोमीटरवाला माणूस आहे.

रागिली